सिलिकेच्या जाळ्यातील आयनिक द्रव

आयनिक द्रव म्हणजे द्रवरूप क्षार. रोजचे मीठ वितळवायला 801 अंश सेल्सिअस तापमान लागते, कारण त्यातले लहान, गोलसर सोडियम आणि क्लोराइड आयन एकमेकांना घट्ट धरून शिस्तीत रचले जातात. त्यांच्या जागी मोठे, बेढब आणि विद्युतभार अंगभर पसरलेले आयन आणले की ही रचना जमत नाही आणि क्षार खोलीच्या तापमानालाही वाहता राहतो. वितळबिंदू 100 अंशांच्या खाली असलेल्या क्षारांना या वर्गात धरण्याचा प्रघात आहे. ही मर्यादा सोयीपुरती आहे, तिच्यामागे निसर्गाचा कोणताही नियम नाही. धन आयन बहुधा इमिडाझोलियम, पायरोलिडिनियम किंवा चतुर्थक अमोनियम या कुळांतला असतो. ऋण आयन टेट्राफ्लुओरोबोरेट, हेक्साफ्लुओरोफॉस्फेट किंवा बिस्ट्रायफ्लिमाइड असतो. जोड्या बदलून बनू शकणाऱ्या द्रवांची संख्या प्रचंड आहे; नेहमीच्या वापरात मात्र त्यांतले मोजकेच आहेत.

1914 साली पॉल वाल्डेन यांनी इथाइल अमोनियम नायट्रेटची नोंद केली. हा क्षार सुमारे 12 अंशांनाच वितळतो. त्या काळी या नोंदीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढची मोठी पावले ॲल्युमिनियमचा मुलामा आणि लष्करी बॅटऱ्या यांच्या निमित्ताने पडली. 1982 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत जॉन विल्क्स आणि सहकाऱ्यांनी इमिडाझोलियमचे क्लोरोॲल्युमिनेट द्रव तयार केले. पण हवेतल्या बाष्पाचा नुसता स्पर्श झाला तरी ते बिघडत. 1992 मध्ये विल्क्स आणि मायकेल झावोरोत्को यांनी टेट्राफ्लुओरोबोरेटसारखे ऋण आयन वापरून हवेत टिकणारे द्रव बनवले आणि हा विषय कोरड्या हवेच्या बंदिस्त पेटीतून साध्या प्रयोगशाळेच्या ओट्यावर आला. आज ज्याला आयनिक द्रवांचे रसायनशास्त्र म्हणतात त्याचा विस्तार खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.

या द्रवांचे गुण असे की त्यांना एका जागी धरून ठेवण्याची गरज त्या गुणांतूनच निर्माण होते. त्यांचा बाष्पदाब खोलीच्या तापमानाला नगण्य असतो. अतिशय कमी दाबाखाली तापवल्यास काहींचे ऊर्ध्वपातन करता येते हे 2006 मध्ये दाखवले गेले, पण उघड्या बशीत ठेवलेला आयनिक द्रव उडून जात नाही आणि सहसा पेटही घेत नाही. तो वीज वाहतो, आणि चार-पाच व्होल्टपर्यंतच्या विद्युतदाबातही अनेकदा विघटित होत नाही. बॅटरी, धारित्र, सौर घट, संवेदक यांच्यासाठी याहून सोयीचा इलेक्ट्रोलाइट शोधणे कठीण. अडचण एकच: तो द्रव आहे. तो गळतो, पसरतो, दोन विद्युतअग्रांच्या मध्ये ठेवायचा तर त्याला कप्पा लागतो. उत्प्रेरक विरघळवून वापरला तर अभिक्रियेनंतर तो वेगळा करावा लागतो, आणि पाण्याहून कितीतरी पटींनी दाट असल्यामुळे त्याच्या आत-बाहेर रेणूंची ये-जा मंद चालते. म्हणून प्रश्न असा पडला, की त्याचे द्रवपण न गमावता त्याला घनाचा आकार देता येईल काय?

उत्तर ज्या पदार्थात सापडले त्याचा इतिहास आयनिक द्रवांपेक्षा पुष्कळ जुना आहे. 1846 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाक-जोसेफ एबेलमेन यांना असे आढळले, की सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि अल्कोहोल यांपासून बनलेले एस्टर दमट हवेत ठेवले तर ते सावकाश घट्ट होत जाऊन काचेसारखे पारदर्शक होते. भट्टीवाचून झालेली ही काच कुतूहलाचा विषय म्हणून बराच काळ पडून राहिली. आज त्याच क्रियेला सोल-जेल पद्धत म्हणतात. टेट्रामिथॉक्सिसिलेन किंवा टेट्राइथॉक्सिसिलेन या द्रवाला पाणी मिळाले की सिलिकॉनवरचे अल्कॉक्सी गट सुटतात आणि त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतात. हे झाले जलीय विच्छेदन. मग असे दोन गट एकत्र येऊन पाण्याचा रेणू बाहेर टाकतात आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा बंध तयार होतो. हे झाले संघनन. दोन्ही क्रिया बरोबरीने चालतात. आधी काही नॅनोमीटर आकाराचे कण बनतात, कण एकमेकांना जोडले जातात, आणि एका क्षणी भांड्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग जाळे उभे राहते. भांडे तिरके केले तरी आता काही वाहत नाही. दही लागते तेव्हा दुधातल्या प्रथिनांचे असेच जाळे बनते आणि पाणी त्यात अडकून राहते. फरक एवढाच, की सिलिकेचे जाळे रासायनिक बंधांचे असल्यामुळे ते ढवळून मोडले तर पुन्हा जुळत नाही.

जाळे आणि त्यातला द्रव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे टॉमस ग्रॅहम यांनी 1864 मध्येच दाखवले होते. कलिल पदार्थांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या या शास्त्रज्ञाने सिलिका जेलमधले पाणी काढून त्याच्या जागी अल्कोहोल, ग्लिसरीन, इतकेच काय, सल्फ्युरिक आम्लही भरले, आणि जेलचा आकार टिकून राहिला. आयनिक द्रवाचे जेल करण्याची कल्पना तत्त्वतः ग्रॅहम यांच्या त्या प्रयोगातच आहे. तिला प्रत्यक्षात यायला जवळजवळ दीड शतक लागले, कारण भरण्याजोगा तसा द्रवच हाताशी नव्हता.

दरम्यान सोल-जेल पद्धतीचा सगळा झगडा वाळवण्याशी चालू होता. ओले जेल उघडे ठेवले की त्यातले पाणी आणि अल्कोहोल उडू लागते, आणि छिद्रांच्या तोंडाशी द्रवाचा अंतर्वक्र पृष्ठभाग तयार होतो. दहा नॅनोमीटर व्यासाच्या छिद्रात पाण्याच्या पृष्ठताणामुळे भिंतींवर पडणारी ओढ सुमारे 290 वातावरणांइतकी भरते. अल्कोहोलसाठी ती 90 च्या आसपास. कोवळ्या जाळ्याला ती पेलत नाही. जेल आक्रसते, तडकते, आणि बहुतेक वेळा हाती तुकडे येतात. 1931 मध्ये अमेरिकेत सॅम्युअल किस्टलर यांनी यावर जालीम उपाय काढला: जेल दाबपात्रात घालून आतला द्रव त्याच्या क्रांतिक बिंदूपलीकडे न्यायचा, म्हणजे द्रव आणि बाष्प यांतला भेदच नाहीसा होतो आणि पृष्ठताण उरत नाही. त्यातून एरोजेल जन्माला आले. अल्कोहोलसाठी त्याला 240 अंशांच्या आसपासचे तापमान आणि साठ-ऐंशी वातावरणांचा दाब लागतो, म्हणजे हे काम खर्चिक आणि जोखमीचेही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील एअर ग्लास प्रयोगशाळेत ए. वेंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिथाइल ट्रायमिथॉक्सिसिलेनपासून पाणी झिडकारणारी, वाकवता येणारी एरोजेले बनवली. त्या कामाचा मोठा भागही शेवटी जाळ्याला वाळण्याच्या ताणातून कसे वाचवावे याच प्रश्नाभोवती फिरतो.

आयनिक द्रवाने हा प्रश्न सोडवला नाही, तो निकालातच काढला. जो द्रव उडतच नाही त्याचा छिद्रात अंतर्वक्र पृष्ठभाग मागे सरकत जात नाही, आणि पृष्ठभाग सरकला नाही तर ओढही पडत नाही. अभिक्रियेत निर्माण होणारे मिथेनॉल आणि पाणी निघून जाते, पण जाळ्याची छिद्रे भरलेलीच राहतात. जाळ्याला हवा तितका वेळ मिळतो. ते आठवडाभर मुरू शकते आणि त्या काळात उरलेले हायड्रॉक्सिल गट एकमेकांशी जुळून भिंती मजबूत होतात. उलट बाजूने पाहिले तर आयनिक द्रवाची गळण्याची खोड सिलिका मोडते. दोन पदार्थांनी एकमेकांची उणीव अशी नेमकी भरून काढल्याची उदाहरणे पदार्थविज्ञानात फार नाहीत, आणि या विषयाचे खरे आकर्षण तेच आहे.

पहिले स्पष्ट पाऊल 2000 साली पडले. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत शेंग दाई आणि सहकाऱ्यांनी बिस्ट्रायफ्लिमाइड वर्गाच्या आयनिक द्रवात टेट्रामिथॉक्सिसिलेन आणि फॉर्मिक आम्ल मिसळून जेल बनवले. पाणी मुद्दाम घातले नव्हते. फॉर्मिक आम्ल अल्कॉक्सी गटाची जागा घेते आणि मिथेनॉल सुटते. मिथेनॉल उरलेल्या फॉर्मिक आम्लाशी संयोग पावून मिथाइल फॉर्मेट आणि पाणी देते. आणि ते थोडे थोडे बनणारे पाणी पुढचे विच्छेदन करते. पाणी आतूनच, सावकाश आणि सर्वत्र सारखे निर्माण होत असल्यामुळे जेल एकसंध होते. मिथाइल फॉर्मेट 32 अंशांनाच उकळते, त्यामुळे ते आपोआप निघून जाते. दाई यांच्या गटाचा हेतू मात्र वेगळा होता. त्यांना सच्छिद्र सिलिका हवी होती. जेल मुरल्यानंतर त्यांनी आयनिक द्रव द्रावकाने धुऊन काढला. द्रव इथे केवळ साधन होता. पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेतील मार्कुस आंटोनिएटी यांच्या गटानेही 2004 मध्ये आयनिक द्रवाचा साचा वापरून किड्यांच्या बिळांसारखी वळणावळणाची छिद्रे असलेली सिलिका बनवली. तिथेही साचा शेवटी काढूनच टाकायचा होता.

तो काढायचाच नाही, असे फ्रान्समधील माँपेलिए विद्यापीठात ठरले. मारी-आलेक्सांद्रा नेऊझ, जाँ ल बिदो, आंद्रे व्हियू आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये उष्णता सोसणारे, द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीने वीज वाहणारे घन पटल म्हणून असे जेल मांडले, आणि पुढच्या वर्षीच्या सविस्तर लेखात त्याला आयनोजेल हे नाव रूढ केले. दाई यांच्या आणि माँपेलिएच्या कृतीत रसायने जवळपास तीच आहेत. फरक पडला तो शेवटची एक पायरी गाळल्याने.

या जेलात सिलिका किती थोडी असते याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. एक मिलिलिटर आयनिक द्रवात एक मिलिलिटर टेट्रामिथॉक्सिसिलेन घेतले तर त्यातून, अभिक्रिया पूर्ण झाली असे धरल्यास, सुमारे 0.4 ग्रॅम सिलिका मिळते. घन सिलिकेची घनता 2.2 धरली तर तिचे आकारमान 0.18 मिलिलिटर. म्हणजे तयार जेलच्या आकारमानात जवळजवळ 85 टक्के भाग द्रवाचाच असतो, आणि तरीही तो काचेसारखा पारदर्शक तुकडा चिमट्याने उचलता येतो. द्रवाचे प्रमाण याहून वाढवता येते, पण जेल अधिकाधिक ठिसूळ किंवा मऊ होत जाते.

प्रत्यक्ष कृतीत यश-अपयश बारीक गोष्टींवर ठरते. टेट्रामिथॉक्सिसिलेनचे विच्छेदन जलद होते, टेट्राइथॉक्सिसिलेनचे सावकाश. पहिल्याची वाफ डोळ्यांच्या पारपटलाला गंभीर इजा करते आणि ती इजा काही तासांनी जाणवते, म्हणून वायुवीजित कपाटाबाहेर ते उघडू नये. दुसरे त्या मानाने सौम्य आहे. आयनिक द्रव जितका पाणी धरणारा तितका तो अभिक्रियेच्या मिश्रणात सहज मिसळतो, पण तितकाच तो नंतर जेलमधून पाण्याने धुऊन जाण्याचा धोका अधिक. ऋण आयनाची निवड विशेष विचाराने करावी लागते. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट आणि टेट्राफ्लुओरोबोरेट यांचे पाण्याच्या सान्निध्यात अंशतः विघटन होऊन फ्लुओराइड सुटू शकते. फ्लुओराइड हा सिलिकेच्या संघननाचा जोरदार उत्प्रेरक असल्यामुळे जेल लवकर लागते खरे, पण हायड्रोजन फ्लुओराइड तयार झाले तर ते सिलिकेलाच खाते आणि माणसाला अत्यंत घातक ठरते. बिस्ट्रायफ्लिमाइड पाण्यात टिकते. बहुतेक गंभीर काम त्याच्यावर झाले आहे ते यामुळे. द्रवात संश्लेषणातून उरलेला क्लोराइड किंवा हवेतून शोषलेले बाष्प असेल तर जेल लागण्याचा वेळ दर खेपेला वेगळा येतो. पाण्याशी फटकून वागणारे म्हणवले जाणारे आयनिक द्रवही हवेतून थोडे पाणी घेतातच. एकाच कृतीचे दोन प्रयोगशाळांत वेगवेगळे निकाल का येतात याचे उत्तर बरेचदा इथे असते.

जेल लागले म्हणजे काम संपले असे नाही. नंतरच्या मुरण्याच्या काळात जाळे आणखी आवळते आणि द्रवाचे काही थेंब पृष्ठभागावर घामासारखे बाहेर पडतात. मग मंद उष्णता आणि निर्वात यांच्या साहाय्याने मिथेनॉल, पाणी आणि उरलेले आम्ल काढून टाकतात. ही पायरी घाईने केली तर उडणाऱ्या द्रव्यांमुळे तडे जातातच. आयनिक द्रवाचे संरक्षण त्याच्या स्वतःच्या वाट्यापुरतेच आहे.

याहून सोपा मार्गही आहे. ज्योतीत सिलिकॉन टेट्राक्लोराइड जाळून बनवलेली अतिसूक्ष्म सिलिका पूड काही टक्के मिसळून घोटली की आयनिक द्रव मलमासारखा घट्ट होतो. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मिखाएल ग्रेट्झेल यांच्या गटाने 2003 मध्ये रंगद्रव्याच्या सौर घटांसाठी असे जेल वापरले. त्या घटांतला उडून जाणारा द्रावक ही जुनी डोकेदुखी होती. पण अशा जेलात कण केवळ परस्पर आकर्षणाने एकमेकांना धरून असतात. जोर लावला की ते वाहते, सोडले की पुन्हा घट्ट होते. भरायला सोपे, आकार टिकवायला कच्चे. तिसऱ्या प्रकारात आधीच तयार असलेल्या सच्छिद्र सिलिकेच्या कणांवर आयनिक द्रवाचा पातळ थर चढवतात. तो पदार्थ जेल नव्हे, कोरडी वाहणारी भुकटी असते, आणि उत्प्रेरणात व वायुशुद्धीकरणात तिचा वेगळा संसार आहे. मलेशियातील पेट्रोनास आणि बेलफास्टचे क्वीन्स विद्यापीठ यांनी नैसर्गिक वायूतील पारा शोषण्यासाठी विकसित केलेले द्रव्य या जातीचे. लिखाणात या तिन्हींची सरमिसळ वारंवार होते. सलग जाळे आहे की नाही, आणि ते रासायनिक बंधांचे आहे की नाही, हे दोन प्रश्न विचारले की गोंधळ राहत नाही.

जाळ्याच्या आत द्रवाचे काय होते हा या विषयातला सर्वांत रंजक भाग. छिद्रे बहुधा दहा नॅनोमीटरच्या घरातली, आणि एका आयनाचा आकार एक नॅनोमीटरहून थोडा कमी. म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत जेमतेम दहा-पंधरा आयन मावतात आणि त्यांतला बराच हिस्सा भिंतीलगत असतो. सिलिकेवरचे हायड्रॉक्सिल गट आयनांना हायड्रोजन बंधांनी अडवतात. इतक्या दाटीत द्रव गोठल्यासारखा होईल अशी अपेक्षा वाजवी होती. घन पदार्थांच्या चुंबकीय अनुस्पंदन मापनांनी वेगळेच दाखवले: आयन जवळपास मोकळ्या द्रवासारखेच हलत राहतात. संवाहकता घटते, पण ती मुख्यतः वाट वळणांची झाल्यामुळे आणि जागा सिलिकेने अडवल्यामुळे. शिवाय अनेक आयनिक द्रव जेलमध्ये स्फटिक बनायलाच कचरतात. वितळबिंदू खाली सरकतो किंवा दिसेनासा होतो. थंडीत काम करणाऱ्या उपकरणासाठी हा बिनखर्चाचा फायदा आहे.

स्थिर जेल असे म्हणताना कोणती स्थिरता अभिप्रेत आहे हे स्पष्ट असायला हवे. उष्णतेपुढे ही जेले उत्तम टिकतात: सिलिकेला काहीच होत नाही आणि मर्यादा आयनिक द्रवाच्या विघटनाची, म्हणजे बिस्ट्रायफ्लिमाइड द्रवांसाठी साधारण 300 अंशांच्या पलीकडची. गळतीपुढेही टिकतात, कारण नॅनोमीटर छिद्रांतली केशाकर्षणाची पकड मोठी असते. पाण्यापुढे मात्र उत्तर द्रवावर अवलंबून असते. मिथाइल ट्रायमिथॉक्सिसिलेनसारखा एक सेंद्रिय गट असलेला घटक मिसळला तर भिंती पाणी झिडकारू लागतात आणि द्रव अधिक काळ आत राहतो. सर्वांत कमकुवत बाजू यांत्रिक आहे. निव्वळ सिलिकेचे आयनोजेल दाबल्यावर ठीक, वाकवल्यावर चटकन मोडते. सिलिकेत लवचिक सिलोक्सेन साखळ्या किंवा बहुवारिके मिसळून ते सुधारता येते; पण तसे करताना उष्णतेची सहनशीलता खर्ची पडते. घन इलेक्ट्रोलाइट म्हणून या पदार्थाची जी भलामण होते तिच्यात या त्रुटीचा उल्लेख अनेकदा तळटीपेतही सापडत नाही.

उपयोगांत ऊर्जासाठवण आघाडीवर आहे. आयनिक द्रवात लिथियमचा क्षार विरघळवून जेल केले की ज्वलनशील द्रावकाविना चालणारी बॅटरी शक्य होते. जेल लागण्यापूर्वी मिश्रण पातळ असल्यामुळे ते विद्युतअग्राच्या छिद्रांत मुरते आणि तिथेच घट्ट होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ब्रूस डन यांच्या गटाने 2017 मध्ये सूक्ष्म बॅटऱ्यांसाठी प्रकाशाने नक्षी उमटवता येईल असे आयनोजेलचे पातळ थर बनवले. तरी एक गोष्ट जेलने बदलत नाही: वाहून नेलेल्या विजेत लिथियम आयनाचा वाटा थोडाच असतो, बाकीची हालचाल द्रवाच्या स्वतःच्या आयनांची. बेल्जियममधील लोव्हेन विद्यापीठाने माँपेलिएच्या सहकार्याने 2006 मध्ये युरोपियमयुक्त द्रव जेलमध्ये धरून लाल प्रकाश देणारे पारदर्शक तुकडे केले. 2010 मध्ये माँपेलिएच्याच गटाने इबुप्रोफेन हा ऋण आयन असलेला आयनिक द्रव जेल केला. तिथे औषध हाच द्रव होता आणि भिंतींवरच्या सेंद्रिय गटांनी ते बाहेर येण्याचा वेग ठरवता येत होता. जे झिरपणे बॅटरीत दोष ठरते तेच इथे हवे असते.

आयनिक द्रवांना सरसकट हरित म्हणण्याची सवय मात्र सोडलेली बरी. ते हवेत उडत नाहीत एवढेच खरे. लांब साखळीचे इमिडाझोलियम क्षार जलचरांना विषारी असतात, आणि फ्लुओरिनयुक्त ऋण आयन निसर्गात सहजी मोडत नाहीत. किंमतही साध्या द्रावकांच्या अनेक पटींनी अधिक असते. त्यामुळे वापरून झालेल्या जेलमधून द्रव परत मिळवणे हा केवळ पर्यावरणाचा नव्हे, पैशाचाही प्रश्न आहे. रीत दाई यांच्या पहिल्या प्रयोगातलीच: जेल फोडून ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात ठेवायचे, द्रव बाहेर आला की द्रावक उडवून द्यायचा. मागे उरते ती सच्छिद्र सिलिका.